पाहणारे पुष्कळ, उत्तर देणारं कोण?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर स्थानिक स्वराज्य संस्थांचं दप्तर वाचलं. सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षणाचे शेरे, ठरावांच्या फायली हेच त्यांचं वाचन. ठराव झाला हे वाचून ते थांबत नसत. त्या ठरावाचं पुढे काय झालं, हे शोधत. त्यांची तीच सवय धरून आज मी तुमच्यासमोर एका दूरच्या खात्याचं दप्तर उघडणार आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं, लॉस एंजेलिस काउंटीचं प्रोबेशन खातं.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का? नाहीत. तरीही मी हा विषय जाणीवपूर्वक निवडला. सरकारी कारभारावर अंकुश ठेवायचा म्हटलं की आपण काय सुचवतो? निवडून आलेलं मंडळ असावं. स्वतंत्र आयोग असावा. राज्याचा तपासनीस असावा. न्यायालयाचं लक्ष असावं. जागं वर्तमानपत्र असावं. या खात्याच्या बाबतीत यातलं सगळं होतं आणि आहे. तरीसुद्धा त्या खात्याच्या ताब्यातली मुलं सुरक्षित राहिली नाहीत. असं का झालं, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न. याचं उत्तर ज्याला सापडेल, त्याला आपल्याकडच्या पुष्कळ गोष्टींचं उत्तर सापडेल, असं मला मनापासून वाटतं.

पहिला मुद्दा, प्रोबेशन म्हणजे काय? आपल्या सरकारी मराठीत त्याला परिवीक्षा म्हणतात. गुन्हा घडला आहे, पण माणसाला लगेच तुरुंगात न टाकता, कुणाच्या तरी देखरेखीखाली समाजात ठेवून सुधारण्याची संधी द्यायची, ही त्यामागची कल्पना. ती एखाद्या मंत्रालयात जन्मली नाही. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा एक कारागीर न्यायालयात उभा राहिला आणि दारूच्या नादी लागलेल्या एका माणसाला जामीन राहिला. काही आठवड्यांनी त्याला शुद्धीवर, नीटनेटका, कामाला लागलेला असा पुन्हा न्यायाधीशांपुढे घेऊन आला. पुढे १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टस हेच करत राहिला. सुमारे दोन हजार माणसांसाठी तो असा उभा राहिला. त्यात बायका होत्या, मुलं होती. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याचा कायदा केला. कॅलिफोर्नियात तो १९०३ मध्ये झाला.

हा इतिहास मी एका कारणासाठी सांगतोय. ऑगस्टसच्या काळात प्रत्येक माणसामागे एक जबाबदार माणूस होता. न्यायाधीशांना त्याचं नाव माहीत होतं. काही बिघडलं तर विचारायचं कुणाला, याबद्दल संशय नव्हता.

आता आजचं खातं पाहा. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणा, पण तिच्या पोटात ८८ शहरं आहेत आणि तिचं वार्षिक अंदाजपत्रक ५० अब्ज डॉलरच्या जवळ जातं. तिचं प्रोबेशन खातं अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोबेशन खात्यांत गणलं जातं. हजारो कर्मचारी, वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरचा खर्च. प्रौढांची परिवीक्षा हे त्याचं एक काम. दुसरं काम मुलांचं. खटला चालू असलेल्या मुलांना ठेवण्याची बंदिस्त गृहं, ज्यांना तिकडे ज्युव्हेनाइल हॉल म्हणतात, आणि न्यायालयाने पाठवलेल्या मुलांचे कॅम्प, हे दोन्ही हेच खातं चालवतं. म्हणजे समाजात ठेवून सुधारणाऱ्या खात्याच्याच हातात कुलपाच्या किल्ल्याही आहेत. रस्त्यावर मुलाच्या पाठीशी उभं राहायचं आणि आत त्याच्यावर पहारा करायचा, ही दोन कामं एकाच गणवेशात आली की मोठी कसोटी लागते. त्या कसोटीवर लक्ष कुणी ठेवायचं?

हा माझा दुसरा मुद्दा. खात्याचा मालक कोण?

लॉस एंजेलिस काउंटीचा कारभार पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ पाहतं, बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. एकेका सदस्याच्या मतदारसंघात सुमारे वीस लाख माणसं. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात राहणारी माणसं साधारण एवढीच असतात, हे ध्यानात घ्या. हेच मंडळ कायदे करतं, हेच पैसे देतं, प्रोबेशन खात्याचा प्रमुख हेच नेमतं आणि हेच काढतं. २०२३ च्या मार्चमध्ये असाच एक प्रमुख त्यांनी पदावरून दूर केला. मग खात्यात काही भयंकर घडलं की या मंडळाच्या जाहीर सभेत काय होतं? सदस्य संतापतात. खात्याला धारेवर धरतात. अहवाल मागवतात. तो संताप खोटा असतो असं मी म्हणणार नाही. पण मालकाने तपासनीसाच्या खुर्चीत बसून स्वतःच्याच कारभाराचा जाब विचारला, तर जाब द्यायचा कुणी? प्रमुखाने द्यायचा, आणि तो तर बदलला! नवा येतो, म्हणतो मला सहा महिने द्या. सहा महिन्यांनी म्हणतो, हे मागच्यांनी करून ठेवलंय. तोवर आतली मुलं बदललेली असतात. ज्यांच्यावर अन्याय झाला ती सुटून गेली, जी आत आली त्यांना मागचं ठाऊक नाही.

मंडळाने हे ओळखलं होतं, याचं श्रेय द्यायला हवं. २०१८ च्या अखेरीस त्यांनी प्रोबेशन ओव्हरसाइट कमिशन स्थापण्याचं ठरवलं. नऊ सदस्यांचा हा देखरेख आयोग २०२१ मध्ये कामाला लागला. कधीकाळी याच यंत्रणेतून गेलेल्या माणसाला त्यात जागा असावी, हा विचार त्या रचनेत आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. आयोगाने गृहांना भेटी द्यायच्या, जाहीर सभा घ्यायच्या, लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि शिफारशी करायच्या. पण शिफारशींच्या पुढे? कर्मचारी हलवण्याचा अधिकार आयोगाला नाही. अंदाजपत्रकातला एक डॉलर इकडचा तिकडे करण्याचा अधिकार नाही. प्रमुख नेमण्याचा वा काढण्याचा अधिकार नाही. डोळे दिले, कान दिले, हात मात्र मंडळाने स्वतःकडे ठेवले.

तिसरा मुद्दा कागदांचा.

श्रोतेहो, या गृहांची दुरवस्था २०२३ मध्ये सुरू झालेली नाही. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाने या काउंटीच्या ज्युव्हेनाइल हॉलची चौकशी केली आणि २००४ मध्ये सुधारणांचा करार झाला. कॅम्पची चौकशी झाली, २००८ मध्ये दुसरा करार झाला. लँकेस्टर या वाळवंटी भागात चॅलेंजर मेमोरियल युथ सेंटर नावाचं कॅम्पांचं एक संकुल होतं. १९८६ च्या अवकाशयान दुर्घटनेत गेलेल्या अंतराळवीरांची नावं तिथल्या कॅम्पना दिलेली. तिथल्या शाळेबद्दल २०१० मध्ये खटला उभा राहिला, कारण वाचता न येणाऱ्या मुलाच्या हातात शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र दिलं गेलं होतं. प्रमाणपत्र मिळालं, पण त्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं! आणि याला जबाबदार कोण? शाळा चालवणारं शिक्षण कार्यालय वेगळं. मुलाला खोलीतून वर्गापर्यंत नेणारं प्रोबेशन खातं वेगळं. मधल्या व्हरांड्याचा धनी कुणीच नाही.

२०१६ मध्ये मंडळाने मुलांना एकांतकोठडीत ठेवणं बंद करण्याचा ठराव केला. २०१९ मध्ये गृहांमधला मिरपुडीचा फवारा टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा ठराव केला. त्यानंतर काही वर्षं उलटली तरी फवारा वापरात होताच. २०२१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलांनी काउंटीशी न्यायालयीन तडजोड केली. मुलांना वेळेवर वर्गात न्या, बळाचा वापर कमी करा, केला तर नोंदवा आणि तपासा, अशा बाबी त्यात होत्या. शिवाय त्यावर लक्ष ठेवायला निरीक्षक नेमला.

२००४, २००८, २०१६, २०१९, २०२१. प्रत्येक वेळी नवा कागद. प्रत्येक कागदात जवळपास त्याच गोष्टी. ज्यांनी आपल्या जिल्हा परिषदेच्या सभा पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अनुपालन अहवाल येतो, 'कार्यवाही सुरू आहे' असा शेरा पडतो, अहवाल दाखल करून घेतला जातो आणि विषय संपतो. विषय संपतो, पण प्रश्न तिथेच राहतो.

आता चौथा मुद्दा. आज जर तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवून घरी जाणार असाल, तर ती ही असू द्या.

२०२३ च्या मे महिन्यात काउंटीच्या सिल्मार इथल्या संस्थेत १८ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. कारण, बंदिस्त भिंतींच्या आत पोचलेले अमली पदार्थ. त्याच महिन्यात, २३ तारखेला, राज्याच्या सुधारगृह मंडळाने काउंटीचे दोन्ही ज्युव्हेनाइल हॉल मुलं ठेवायला अयोग्य ठरवले. साठ दिवसांत मुलं हलवा, असा आदेश दिला. बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स हे त्या मंडळाचं नाव. तपासणीत काय दिसलं होतं? पुरेसे कर्मचारी नाहीत. मुलं तासन्‌तास खोलीत बंद. रात्रीची गोष्ट तर ऐकवत नाही. खोलीला बाहेरून कुलूप, आत संडास नाही. मुलाने दार वाजवायचं, कर्मचाऱ्याने येऊन त्याला न्यायचं. पण फेरीला माणूसच नसेल तर? मग हाताला लागेल त्या भांड्यात मुलांनी लघवी करायची. जगातल्या श्रीमंतांतल्या श्रीमंत प्रदेशांपैकी एकात, सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या घरात ही रात्र होती.

तर साठ दिवसांची मुदत. काउंटीने काय केलं? डाउनी शहरातलं लॉस पॅड्रिनोस नावाचं ज्युव्हेनाइल हॉल २०१९ पासून बंद होतं. ते घाईघाईने उघडलं आणि जुलैत पावणेतीनशेच्या आसपास मुलं तिकडे हलवली. इमारत बदलली. कर्मचारी तेच, तुटवडा तोच, सवयी त्याच.

आणि मग? २०२५ च्या मार्चमध्ये ॲटर्नी जनरल रॉब बोन्टा यांनी तीस अधिकाऱ्यांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं. आरोप असा की या अधिकाऱ्यांनी मुलांच्या आपापसातल्या मारामाऱ्या होऊ दिल्या, काही वेळा घडवून आणल्या. १२ ते १८ वयाची १४३ मुलं आणि ६९ मारामाऱ्या. हे आरोप आहेत, त्यांचा निवाडा न्यायालय करेल. पण त्या आरोपांचा काळ पाहा. जुलै ते डिसेंबर २०२३.

जुलै २०२३! म्हणजे राज्याच्या आदेशाने दोन हॉल रिकामे झाले तो महिना. सगळ्या जगाचे डोळे या खात्यावर खिळले होते तो महिना. मंडळ पाहत होतं. आयोग पाहत होता. राज्याचे तपासनीस येऊन जात होते. न्यायालयाचा निरीक्षक होता. वार्ताहर दारात होते. भिंतीवर कॅमेरे होते. इतके डोळे एका इमारतीवर असताना हे घडलं असा आरोप आहे. त्यातल्या एका मारामारीची चित्रफीत लॉस एंजेलिस टाइम्सने मिळवून प्रसिद्ध केली. एका मुलावर एकामागून एक मुलं तुटून पडतायत आणि अधिकारी बाजूला उभे आहेत. कॅमेरा चालू होता. मग तो कुणासाठी चालू होता?

देखरेख वाढली की गैरकारभार घटतो, असं आपण मानत आलो. इथे देखरेख वाढत गेली आणि गैरकारभार तिच्या नाकासमोर चालू राहिला. कसा? कारण प्रत्येक पाहणाऱ्याला वाटत होतं की रोखण्याचं काम दुसऱ्याचं आहे. आयोगाने मंडळाकडे पाहिलं, मंडळाने खात्याकडे, खात्याने कर्मचारी-तुटवड्याकडे, राज्याने काउंटीकडे. पाहणारे पुष्कळ झाले. उत्तर देणारं कुणी उरलं नाही.

देखरेख जवळून कशी दिसते, हेही सांगायला हवं. राज्याचा नियम आहे की मुलं खोलीत असताना जास्तीत जास्त पंधरा मिनिटांच्या अंतराने कर्मचाऱ्याने स्वतः जाऊन प्रत्येकाला पाहावं. श्वास चालू आहे ना, अंगावर जखम नाही ना, हे पाहावं. वेळा ठरीव नकोत, मागेपुढे हव्यात, म्हणजे पुढची फेरी कधी येणार हे कुणालाही आधीच कळू नये. प्रत्येक फेरीची नोंद करायची. आता अशा नोंदींचं एक पान डोळ्यांसमोर आणा. दहा वाजता, सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा, अकरा. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकसारखं लिहिलेलं. ज्याने कधी हजेरीपट तपासला आहे, त्याला असं पान बघताच शंका येते. फेऱ्या प्रत्यक्ष मारल्या तर वेळा इतक्या सरळ येत नाहीत. खरी तपासणी म्हणजे ते पान आणि त्या रात्रीची चित्रफीत शेजारी ठेवून मिनिटामिनिटाने पडताळणं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला छायाचित्रकार येत नाही, पण मुलाचा जीव वाचतो तो यानेच.

पाचवा मुद्दा, आदेश आणि अंमल.

लॉस पॅड्रिनोसमध्ये सुधारणा होईना. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या मंडळाने तेही हॉल अयोग्य ठरवलं. १२ डिसेंबर ही रिकामं करण्याची मुदत. ती तारीख आली आणि गेली. हॉल चालूच राहिलं. काउंटीने म्हटलं, मुलं ठेवायची कुठे? आणि राज्याच्या मंडळाकडे स्वतःचा आदेश अमलात आणण्यासाठी ना पोलिस, ना कुलूप.

मग गोष्ट हलली कशी? मुलांची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने, तिथल्या पब्लिक डिफेंडरने, न्यायालयात धाव घेतली. अयोग्य ठरलेल्या इमारतीत माझ्या अशिलाला ठेवणं बेकायदा आहे, हा त्यांचा मुद्दा होता. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये न्यायाधीश मिगेल एस्पिनोझा यांनी हॉलमधली संख्या कमी करण्याचा आदेश दिला आणि शंभराहून अधिक मुलं इतरत्र हलवण्याची योजना झाली. जुलै २०२५ मध्ये तर ॲटर्नी जनरलांनी न्यायालयाकडे मागणी केली की या गृहांचा कारभार काउंटीच्या हातून काढून न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे द्यावा. महापालिकेवर प्रशासक येणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. निवडून दिलेल्यांच्या हातून कारभार जाण्याची वेळ येणं ही लोकशाहीची शोभा नव्हे. पण ती वेळ कुणी आणली?

हलवलं कुणी, ते पुन्हा पाहा. एका मुलाचा वकील, ज्याला एका नावाच्या अशिलासाठी लढायचं होतं. एक न्यायाधीश, ज्याच्या सहीने मूल हलतं. एक वर्तमानपत्र, ज्याने चित्रफीत लोकांपुढे ठेवली. एक ॲटर्नी जनरल, ज्याच्या हातात खटला भरण्याचा अधिकार होता. ज्यांच्याकडे नुसते डोळे होते त्यांच्याकडून हललं नाही. ज्यांच्याकडे परिणाम घडवण्याची ताकद होती, किंवा एका मुलाची ठरीव जबाबदारी होती, त्यांच्याकडून हललं.

इथे मला कर्मचाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर ही मांडणी अपुरी राहील. या गृहांमध्ये काम करणारे सगळे क्रूर आहेत का? मुळीच नाही. पाळी संपली, पुढचा माणूस आला नाही, म्हणून सलग दुसरी पाळी. ती संपली, तरी घरी जाता येत नाही. मारहाणीत जखमी होणारे, रजेवर जाणारे, कामावरच न येणारे. मग राहिलेल्यांवर आणखी ओझं. बाहेर परिवीक्षेचं काम करणारे अधिकारी हॉलमध्ये ड्युटीला पाठवले गेले. त्यामुळे बाहेरची मुलं वाऱ्यावर आणि आतली अनोळखी माणसांच्या हाती. म्हणून मी म्हणतो की खरी देखरेख घटनेनंतर सुरू होत नाही. ती संध्याकाळच्या हजेरीपटावर सुरू होते. आज रात्री या इमारतीत किती माणसं हवीत आणि किती आली? हा एक आकडा रोज जाहीर झाला असता, तर वर्षभर गाजलेल्या कितीतरी अहवालांची गरज पडली नसती.

सहावा मुद्दा किमतीचा. एप्रिल २०२५ मध्ये काउंटीने चार अब्ज डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. मुलांच्या संस्थांमधल्या लैंगिक अत्याचारांचे सुमारे ६,८०० दावे, त्यातले काही १९५९ पर्यंत मागे जाणारे. प्रोबेशनच्या गृहांबरोबरच एल मॉन्टे इथल्या मॅक्लॅरेन चिल्ड्रन्स सेंटरमधलेही अनेक. ते केंद्र २००३ मध्येच बंद झालं होतं. मूल मोठं होतं, म्हातारं होतं, इमारत पाडली जाते, पण झालेलं नाहीसं होत नाही. आता ते पैसे येत्या कित्येक वर्षांत करदाते भरत राहतील, म्हणजे त्यांत आज न जन्मलेलेही आले. चार अब्ज डॉलर! प्रोबेशन खात्याच्या साधारण चार वर्षांच्या खर्चाएवढी ही रक्कम. रात्रपाळीला पुरेशी माणसं ठेवणं परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. आयोगाच्या हाती अधिकार दिले, तर निवडून आलेल्यांचं काय? लोकांनी मत मंडळाला दिलंय, आयोगाला नाही. बरोबर आहे. म्हणून आयोगाने खातं चालवावं असं मी म्हणत नाही. मी तीन गोष्टी मागतो. एक, आयोगाला कोणतंही दार, कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय उघडून मिळावं आणि कागद व चित्रफिती सक्तीने मागता याव्यात. दोन, आयोगाच्या प्रत्येक शिफारशीवर ठरीव दिवसांत मंडळाने लेखी आणि जाहीर उत्तर द्यावं. मान्य असेल तर कोण करणार, केव्हा आणि कोणत्या पैशातून, ते त्यात यावं. अमान्य असेल तर का, तेही यावं. तीन, त्या उत्तराखाली एका माणसाचं नाव असावं. 'खात्यामार्फत' नाही, 'संबंधितांना सूचना' नाही. एक नाव. यातून निवडून आलेल्यांची सत्ता कमी होत नाही. मतदारांना तिचा हिशेब घेता येतो, इतकंच. २०२४ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी मंडळ पाचावरून नऊ सदस्यांचं करायला आणि काउंटीचा मुख्य कार्यकारी थेट निवडायला कौल दिला. मला त्यात आशा दिसते, कारण उत्तर देणारा एक चेहरा मिळण्याची शक्यता त्यात आहे. पण पाचाचे नऊ केले आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तर दोषाचे वाटेकरी तेवढे वाढतील.

आता आपल्याकडे येतो. अमेरिकेची ही कथा ऐकून 'बघा, तिकडेही असंच' म्हणत समाधान मानायला आपण इथे जमलेलो नाही. १९८० च्या दशकात शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार-कार्यकर्तीने तुरुंगात डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मुलांना तुरुंगात ठेवू नका, असं त्या न्यायालयाने १९८६ मध्ये बजावलं. आजचा आपला कायदा, २०१५ चा बाल न्याय अधिनियम, देखरेखीबाबत कमकुवत नाही. बाल न्याय मंडळाने कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांच्या निवासी संस्थेला महिन्यातून किमान एकदा भेट द्यायची आहे. निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा जायचं. किमान तीन सदस्यांनी जायचं, त्यात एक स्त्री हवी, एक वैद्यकीय अधिकारी हवा. आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. कायद्यात हे सगळं आहे.

मग विचारा. आपल्या जिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात, लोकांच्या तोंडी असलेल्या त्या रिमांड होममध्ये, ही समिती शेवटची केव्हा गेली? अहवालात काय होतं? त्यावर कुणी, केव्हा, काय केलं? रात्रपाळीला किती माणसं मंजूर आहेत आणि किती असतात? मुलांची नावं गुप्त राहिली पाहिजेत, त्याबद्दल तडजोड नाही. पण मुलांची गोपनीयता हे संस्थेच्या कारभाराचं पांघरूण होता कामा नये. किती रिक्त पदं, किती मारहाणी, किती तक्रारी, किती निकाली, यात कोणत्या मुलाचं नाव उघड होतं?

श्रोतेहो, सांगितलेलं एकत्र करतो. प्रोबेशनची कल्पना एका जबाबदार माणसापासून निघाली आणि अशा खात्यापर्यंत पोचली, जिथे जबाबदार माणूस शोधून सापडेना. खात्याचा मालकच त्याचा तपासनीस झाला, तेव्हा देखरेख सभेतल्या संतापापुरती उरली. करारांवर करार झाले, पण कराराचा भंग केल्याची किंमत कुणाला मोजावी लागली नाही. डोळे वाढले, पण रोखण्याचा अधिकार आणि उत्तर देण्याचं बंधन त्यांच्या जोडीने वाढलं नाही. आणि अखेरीस किंमत मोजली ती आधी मुलांनी, मग करदात्यांनी.

राज्य जेव्हा एखाद्या मुलाला आईबापांच्या हातून काढून स्वतःच्या ताब्यात घेतं, तेव्हा ते स्वतः पालक होतं. आईबापांनी मुलाला रात्रभर कोंडून ठेवलं, मारहाण होताना बघत उभे राहिले, तर हेच राज्य त्यांच्यावर खटला भरतं. मग स्वतःसाठी राज्याने वेगळा न्याय का लावावा? ताब्यातल्या प्रत्येक मुलामागे उत्तरदायी माणसाचं एक नाव असलं पाहिजे आणि ते नाव विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असला पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये हा हक्क मिळवायला वकिलांना, वार्ताहरांना आणि पालकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, अजूनही लागतं आहे. आपल्या कायद्याने त्यातला बराच भाग आपल्याला आधीच देऊन ठेवला आहे. तो वापरायला सुरुवात करूया. पुढच्या तिमाहीचा निरीक्षण अहवाल मागणारा पहिला अर्ज या सभागृहातून जाऊ द्या, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा, तिसरा, चौथा जात राहू द्या.